सात इकडे, आठ तिकडे

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
नवीन वर्ष सुरू होऊन तीन दिवस झाले, पण पहिले दोन सुट्टीचे होते, ते धरत नाही. संकल्प: रोज रोजनिशी लिहायची. वर्गात आवाज चढवायचा नाही. आणि यंदा उपप्राचार्य व्हायचंच. जुने मार्चमध्ये निवृत्त होताहेत. शर्यतीत दोघेच, मी आणि रसायनशास्त्राचे सर. त्यांच्या अंगाला कायम कसला तरी वास येतो. म्हणजे तसा मी एकटाच.
बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. पेशी आणि आनुवंशिकता हे माझे हातखंडा धडे. झोपेतून उठवलं तरी सांगेन. बायको म्हणाली, झोपेतच सांगता, परवा पूर्वावस्था-मध्यावस्था करत माझं पांघरूण ओढत होतात. यालाच व्यासंग म्हणतात.

५ जानेवारी, बुधवार
वरून परिपत्रक. आजवर बारावीच्या प्रॅक्टिकलला कपाटातल्या तयार स्लाइड चालायच्या. यंदापासून प्रत्येक विद्यार्थ्याने कांद्याच्या ताज्या मुळाची स्लाइड स्वतः करायची, आणि विभागणारी पेशी बाहेरच्या परीक्षकांना दाखवायची. स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसता हसलो. अशी स्लाइड मी कॉलेजात असताना केली आहे. म्हणजे स्लाइड माझा पार्टनर करायचा, तोच बघायचा, आणि मी आकृती काढायचो. आकृतीला दहापैकी दहा होते.
तयार स्लाइडही गेली बावीस वर्षं प्रयोगशाळेतले मामाच मायक्रोस्कोपला लावून ठेवतात. मी मुलांची रांग सांभाळतो. कामाची वाटणी.

७ जानेवारी, शुक्रवार
आजचा तास अप्रतिम झाला. एका पेशीच्या दोन होताना आधी गुणसूत्रांची नक्कल होते, मग वाटणी. इकडे जितकी, तितकीच तिकडे. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. म्हणून तर कानातल्या पेशीकडे आणि टाचेतल्या पेशीकडे एकच माहिती असते. हे सांगून झाल्यावर मीच मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.
मग उत्परिवर्तन. नक्कल करताना चूक झाली, की ती पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. उदाहरण दिलं: पहिल्या बाकावर गृहपाठ चुकला की मागचे सगळे तेच चुकतात. वर्ग हसला. आपल्यात ही हातोटी उपजतच आहे. रसायनवाले सर शिकवतात तेव्हा फक्त फसफस ऐकू येते.
शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे. तिचं नाव मी मनात ‘शंका’ ठेवलंय. तिने विचारलं, पेशीला आता थांब हे कोण सांगतं? मी सांगितलं, घंटा झाली.

१० जानेवारी, सोमवार
चाळीस मुलं, चाळीस ग्लास, चाळीस कांदे. मुळाकडची बाजू पाण्याला टेकलेली. सगळं मामांनी मांडलं, मी देखरेख केली. सहा कांदे कमी पडले ते घरून नेले. संध्याकाळी बायको टोपली हातात घेऊन उभी. तिला विज्ञान समजावलं. ती म्हणाली, विज्ञान घालून आमटी करते.

१३ जानेवारी, गुरुवार
मुळं बोटभर वाढली. पांढरीशुभ्र. चहा घेऊन साडेतीनला कापायला बसलो. मामा म्हणाले, सर, सकाळी कापतात ती, आणि टोक घ्यायचं असतं म्हणे. मी टोक निरखून पाहिलं. पिवळट, मळकट. शेंगांची टोकं मोडतो तशी सगळी मोडून टाकली आणि मधला जाड, स्वच्छ भाग बाटलीत औषधात ठेवला. मामांचं शिक्षण नववी. विज्ञान वेगळं आणि बाटल्या विसळणं वेगळं, हे त्यांना गोड शब्दांत सांगितलं. ते बरं म्हणाले. ‘बरं’ म्हणायची त्यांची एक पद्धत आहे, ती मला आवडत नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार
लवकर गेलो तर काल मी न कापलेल्या कांद्यांची मुळं मामा कापून दुसऱ्या बाटलीत भरताना दिसले. नुसती टोकं. म्हटलं, करू दे हौस.

१७ जानेवारी, सोमवार
पहिलं प्रॅक्टिकल. मुळाचा तुकडा लाल रंगात बुडवायचा, वर काच ठेवायची, अंगठ्याने दाबायची. अकरा काचा फुटल्या. त्यातल्या चार माझ्या.
माझ्या स्लाइडखाली नुसतं वीटकाम दिसलं. लांबट विटा, एकाखाली एक. विभागतंय असं काही नाही. कारणं: मायक्रोस्कोप जुना, चष्मा नवा, आभाळ भरलेलं. मुलांना म्हणालो, मन लावून बघा, दिसतं. पंधरा मिनिटांत एकोणचाळीस जणांना दिसलं! एकाला दिसलेली पेशी पुढे सरकत होती, तो हवेचा बुडबुडा निघाला, पण जिद्द महत्त्वाची. दिसलं नाही ते फक्त शंकाला.
जर्नलमध्ये आकृती एकसारखी यावी म्हणून फळ्यावर काढून दिली. पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रं दोन टोकांना निघाली आहेत असा देखणा क्षण. खरी बरीच असतात, सोयीसाठी दोन्हीकडे आठ-आठ काढतो. तेवढ्यात शिपाई उपप्राचार्यपदाच्या अर्जाची नोटीस घेऊन आला. सही केली, दोनदा वाचली, परत फळ्याकडे वळलो तर घंटा झाली.

२० जानेवारी, गुरुवार
तास संपल्यावर शंका थांबली. म्हणाली, सर, फळ्यावर खाली आठ होती आणि वर सात. आपण तर समान वाटणी शिकलो. मी म्हणालो, निसर्गात थोडं इकडे-तिकडे व्हायचंच. ती गेल्यावर एक जर्नल उघडून मोजलं. सातच. पण एकोणचाळीस जर्नलांत सात-आठ उतरलेत आणि प्रत्येकावर माझी लाल बरोबरची खूण आहे. आता बदलायचं म्हणजे मुलांचा गोंधळ. मुलांच्या हितासाठी सात.

२४ जानेवारी, सोमवार
शंकाचं जर्नल आलं. आकृतीत माझं तेच वीटकाम. खाली लिहिलंय: पेशी लांबट. केंद्रकं शांत. विभाजन दिसले नाही. लाल शाईने काट मारली, पुन्हा काढा असा शेरा दिला. जर्नलवर माझी सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, हेही सांगितलं. नियम माझा नाही.

२८ जानेवारी, शुक्रवार
पुन्हा आणलं. पेशी लांबट. विभाजन दिसले नाही. शिवाय: एक बुडबुडा, उजवीकडे. पुन्हा काट. आवाज चढला, संकल्प क्रमांक दोन मोडला. पण दार बंद होतं, त्यामुळे अर्धाच.

२ फेब्रुवारी, बुधवार
तिसरी काट मारली आणि दुपारी शंकाची आई आली. शिवणकाम करते. गळ्यात टेप तशीच लटकत होती, काढायची राहिलेली. म्हणाली, पोरीला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचंय, त्या कोर्सला प्रॅक्टिकलचे गुण बघतात, परीक्षेलाच बसली नाही तर सगळंच संपलं. तिचं असंच आहे हो सर, कपडा अंगाला दाटतोय हेसुद्धा गिऱ्हाईकाच्या तोंडावर सांगते, मी किती वेळा कपाळाला हात लावला. पण खोटं नाही बोलत.
मी हेलावलो. म्हणालो, ताई, काळजी करू नका, आकृती बरोबर आणली की मी लगेच सही करतो.

४ फेब्रुवारी, शुक्रवार
जमलं! शंकाने आकृती आणली. वर सात, खाली आठ, रेघ न् रेघ माझ्यासारखी. लगेच सही ठोकली, खालचं वाचतही बसलो नाही. शिक्षकाने धीर सोडला नाही की मूल वळतं. ती थँक्यू सर म्हणाली, पण फरशीकडे बघून. नंतर बराच वेळ काहीतरी टोचत राहिलं. बूट नवीन आहेत.

८ फेब्रुवारी, मंगळवार
प्राचार्यांनी बोलावलं. परवाच्या परीक्षेनंतर बाहेरच्या परीक्षकांचा अभिप्राय माझ्या अर्जाला जोडणार आहेत. मी म्हणालो, जरूर जोडा. घरी येऊन उपप्राचार्य म्हणून सही करून पाहिली. वळण छान येतं. बायको म्हणाली, पाठकोऱ्या कागदावर तरी करा.

१० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६
झालं ते क्रमाने लिहितो. म्हणजे माझी बाजू स्पष्ट होईल.
परीक्षक बाई. ठेंगण्या, आवाज मऊ, भिंग पुसायचं फडकं स्वतःचं. आधी जर्नलं मागितली. पाच उघडली, शेजारीशेजारी ठेवली. मग चाळीसच्या चाळीस टेबलावर पसरली. मला हळूच विचारलं, चाळीस मुलांनी चाळीस मुळं कापली, आणि सगळ्यांत सात इकडे, आठ तिकडे? मी म्हणालो, एकसूत्रीपणा ही आमच्या कॉलेजची परंपरा आहे. त्या म्हणाल्या, अशी चूक कांद्यात चाळीस वेळा होत नाही, एकदाच कुठेतरी होते आणि बाकीच्या नकला असतात. उत्परिवर्तन शिकवलंत का? मी म्हणालो, फार छान शिकवलंय.
मग शंकाचं जर्नल. त्यांनी मोठ्याने वाचलं. निरीक्षण: फळ्यावर पाहिले.
हे मी वाचलं नव्हतं. त्याच्या आधीची माझी लाल काट मारलेली तिन्ही पानं त्यांनी सावकाश पाहिली. अगदी सावकाश.
नंतर मुलांना स्लाइड करायला लावल्या. विभागणारी पेशी मायक्रोस्कोपमधल्या काट्याखाली आणून दाखवा म्हणाल्या. एकोणचाळीस जणांनी दाखवली. सव्वीस बुडबुडे, बाकी धूळ, एक पापणीचा केस. शंका म्हणाली, दिसत नाही. बाईंनी तिच्या मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, म्हणाल्या, दिसणारच नाही, ह्यात टोकच नाहीये. पेशी विभागतात त्या टोकाशी. टोकं कुठं गेली?
मी आठवू लागलो. तोवर मामांनी आपली बाटली आणून ठेवली. कोणी कापली, बाईंनी विचारलं. मामा म्हणाले, मीच, सकाळी सातला. बाईंनी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. शंकाचे गुण मात्र आधीच लिहून टाकले. पूर्ण. दिसले नाही या उत्तराला पूर्ण गुण, असं माझ्यासमोर म्हणाल्या.
मी दाराशी उभा राहून व्यवस्था पाहत होतो. आतून कोणीतरी अय्या म्हणालं. मग दुसरं. मग सगळा वर्गच कालवा करायला लागला, इकडे ये, माझी बघ, माझी बघ. बावीस वर्षांत ह्या खोलीतून असा आवाज आलेला नाही.
शंका दारापर्यंत आली. म्हणाली, सर, या ना, मी फोकस करून ठेवलंय, अगदी मधोमध वाटणी होतानाची सापडलीय, दोन्हीकडे सारखी आहेत. चेहरा असा फुललेला होता, जणू मी तिच्या जर्नलवर कधी शाई सांडलीच नव्हती. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, मी हजार वेळा पाहिलंय, तुम्ही पाहा. आणि घंटेचं बघतो म्हणून निघून आलो. घंटेला अजून पाऊण तास होता.
अभिप्राय एका ओळीचा आहे. प्राचार्यांनी मला वाचायला दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. रसायनवाल्या सरांचं अभिनंदन केलं. हात मिळवला. वास तसा फारसा येत नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७.४०
सातलाच प्रयोगशाळेत गेलो. म्हटलं, एखादी स्लाइड राहिली असेल. चाळीसच्या चाळीस धुऊन फडक्यावर उपड्या वाळत होत्या. मामा म्हणाले, ह्या टिकत नाहीत सर, रंग सुकला की गेलं. बाटलीही रिकामी.
मी सांगून टाकलं. मी कधीच पाहिलेलं नाही. कॉलेजात पार्टनरने पाहिलं, इथं मुलांनी पाहिलं, मी रांगेशी उभा होतो. एवढी वर्षं हजार वेळा पाहिलं म्हणून सांगत आलो आणि काल ती पोरगी हाताला धरून दाखवत होती तरी नाही म्हणालो. फार लाज वाटली. आत्ता लिहितानाही वाटतेय.
मामा हसले नाहीत. ‘मी म्हटलं होतं ना, सर’ असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, कांदा आज ठेवतो, मंगळवारी सकाळी सातला या, या वेळी तुम्ही कापा. टोक मी दाखवतो.
मायक्रोस्कोप वेळेबाहेर हवा असेल तर नोंदवहीत लिहावं लागतं. मामांनी वही उघडली. तारीख लिहिली, मायक्रोस्कोप नंबर सहा लिहिला, माझं नाव लिहिलं. पुढचा रकाना विद्यार्थ्याच्या हजेरी क्रमांकाचा होता. मी म्हणालो, तो राहू द्या. मामा म्हणाले, रकाना कोरा ठेवलेला चालत नाही, सर. आणि पेन टेकवून थांबले.
एकेचाळीस, म्हणालो.