भूक लागली असं सांगायला शिकताना

वायादोलिद, स्पेन
१२ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा चेहरा दिसला की मी सगळं छान आहे म्हणून देते. म्हणून आज कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवून राहिली. बाबांना दाखवू नको.

स्पॅनिशच्या कोर्सवाल्यांनी ज्यांच्या घरी माझी सोय केली, त्या रेमेदिओस काकू आणि त्यांचे यजमान खुलियान काका, दोघंही भली माणसं आहेत. पण आई, मी उपाशी राहून राहिली. सकाळी कॉफीसोबत दोन बिस्किटं, जेवण दुपारी तीनला आणि रात्रीचं थेट दहाला. आपल्याकडे बाबांची प्लांटमध्ये सकाळची फर्स्ट शिफ्ट असली की रात्री आठच्या आत जेवून भांडीही घासून होतात. माझं पोट अजून भिलाईच्या सेक्टर सहाच्याच घड्याळावर चालते.

त्यात इथं कोणी आग्रह करत नाही. पहिल्या दिवशी काकूंनी मसुराची आमटी केली होती. आणखी वाढू का विचारलं, मी नको म्हटलं. मले वाटलं पुन्हा विचारतील, मग घेईन. त्यांनी भांडं उचलून आत नेलं. तेव्हापासून रोज हेच. मग मी खोलीत बसून तू दिलेला चिवडा खाते. काल काकूंनी चिवड्याची पिशवी पाहिली. संध्याकाळी त्या कोर्सवाल्या बाईंना फोनवर सांगत होत्या की पोरीला माझ्या हातचं जात नाही, हिला दुसरं घर पाहून द्या. मलेही वाटते, जावं दुसरीकडे. तुला काय वाटते, ते लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझी प्रणिता


सेक्टर ६, भिलाई
१४ ऑक्टोबर

चि. प्रणितास,
आईचे अ. उ. आ.

तू उपाशी आहेस हे वाचून मले हसावं की रडावं समजेना. अगं, आधी नको म्हणायचं आणि मग वाट पाहायची, हे उतईच्या मावशीकडे चालते. ती तर नको म्हटलं की दोन पोळ्या जास्तच टाकते. त्या बाईले हे कसं समजन? तिनं तुझ्या शब्दाचा मान ठेवला आणि तू तिच्यावरच रुसून बसली.

घर बदलायचं तर मागाहून बदल, पण अशी उठून जाऊ नको. रांधणाऱ्या बाईचं मन दुखलं आहे. तिच्या ओट्याजवळ जाऊन उभी राह आणि सरळ सांग, मले भूक लागली. त्यात लाज कावून?

माझी काळजी करू नको. बाबांचं जेवण झालं की मी ओट्याशीच उभ्यानं दोन घास खाऊन घेते. एकटीसाठी ताट कोण वाढते? बाबांनी पत्राचं विचारलं, मी नेहमीचंच आहे म्हटलं.

तुझ्यावर जीव आहेच, त्याची आठवण ठेव.
तुझी आई


वायादोलिद
२ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

ओट्याजवळ गेली. मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की मले भूक लागली, रोजच लागते, आणि आमच्याकडे पहिलं नको खरं नसते. काकू डोळे पुसत स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, मी किती वाईट रांधते, असंच मले वाटत होतं. तिथल्या तिथं त्यांनी बटाटे-अंड्यांचा जाड पोळा केला आणि मी अर्धा संपवला. आता रोज सहाला माझ्यासाठी पाव आणि काहीतरी झाकून ठेवतात. घर बदलायचं त्यांनीच फोन करून रद्द केलं. रविवारी मी मसुराला जिरं-मिरचीची फोडणी दिली, तर काकांनी पावानं ताट पुसून खाल्लं.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. परवा ताट आल्याबरोबर मी चमचा उचलला, तर काकांनी हळूच माझा हात थांबवला. म्हणाले, जिनं केलं ती बसेपर्यंत थांबायचं. तेव्हा तुझे ते उभ्यानं खाल्लेले दोन घास आठवले. मी जन्मभर तुझ्या आधी जेवली, आई. कधी विचारलंही नाही.

हे पत्र बाबांना दाखव. मुद्दाम दाखव.

तुमची दोघांची,
प्रणिता


सेक्टर ६, भिलाई
९ नोव्हेंबर

चि. प्रणितास,
बाबांचे अ. उ. आ.

मले पत्र लिहिता येत नाही, प्लांटमध्ये शिफ्टचा रिपोर्ट तेवढा लिहितो. तरी लिहून राहिलो.

तुझं पत्र आईनं दाखवलं आणि लगेच म्हणाली, पोरगी काहीही लिहिते, मनावर घेऊ नका. काल माझी सुट्टी होती. ताट समोर आलं, मी हात लावला नाही. तिनं विचारलं भाजी खारट झाली का. नाही म्हटलं. मग माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग म्हणाली, पोळ्या गार होऊन राहिल्या. मी म्हटलं होऊ दे, तू बस.

तिनं आणखी दोन पोळ्या लाटल्या, ओटा पुसला, पाणी भरलं. मी तसाच बसून राहिलो. शेवटी गॅस बंद करून ती बसली, पण पाहुण्याच्या घरी बसावं तशी, खुर्चीच्या टोकावर.

जेवता जेवता पाहिलं, ती वांग्याच्या भाजीतला नुसता रस्सा घेत होती. फोडी बाजूला. विचारलं तर आधी माझ्या ताटात पोळी वाढली. मग म्हणाली, वांगं मले कधीच आवडत नव्हतं, तुम्हाले आवडते म्हणून करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, प्रणिता, आणि आठवड्यातून दोनदा आपल्या घरी वांगं असते.

आज सुपेल्याच्या बाजारात भाजी आणायला मी चाललो आहे. तुले काय आवडते, असं तिले सकाळी विचारलं. ती अजून विचारच करून राहिली.

तिकडच्या दोघांना आमचा नमस्कार सांग, आणि पोटभर जेव.

तुझे बाबा,
देवेंद्र