अ‍ॅनिसच्या हसण्यासकट माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी, ईनॉक थ्वेट, वय एकोणपन्नास, धंदा गडगे, म्हणजे बिनचुन्याच्या दगडी भिंती, रचण्याचा, राहणार बेक एंड, मुक्काम स्केलबेक, परगणा यॉर्कशर, देवाला स्मरून आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. निदान जेवढे उरले आहे तेवढे. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मागे हाडाची एक कपची राहिली होती, ती आता मेंदूकडे सरकू लागली आहे. येत्या बुधवारी न्यूकॅसलचे डॉक्टर कवटी उघडून ती काढणार आहेत. मी त्यातून उठेन की नाही हे त्यांना सांगता येत नाही.

याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सगळे चॅपेलला दिले होते आणि माझा धाकटा भाऊ जेबेझ याच्या नावापुढे एक शब्द लिहिला होता. तो शब्द पाद्रीसाहेबांनी शाईने खोडला. जेबेझला काही द्यावे की न द्यावे, एवढाच खरा प्रश्न माझ्यापुढे आहे. बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत, त्या आधी उरकतो.

१. देह अ‍ॅनिसच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, शेजारी पुरावा. दफनानंतरच्या चहाला हॅम हाडावरून कापलेले असावे.

२. लहान हातोडा, दोरी आणि लाकडी चौकट माझा जोडीदार टोबायस पीकॉक याला. गडग्याच्या पोटात भरावाचे खडे हाताने बसवायचे असतात, फावड्याने लोटायचे नसतात, हे मी त्याला वीस वर्षे सांगत आलो. मेल्यावर पुन्हा सांगणार नाही.

३. लायनेल पास्क, नट, राहणार लंडन, याचे पुढचे दोन दात मोहरीच्या डबीत चुलीवरच्या फळीवर आहेत. ते त्याला पोचते करावेत. दात मी पाडले. त्याबद्दल मी देवाकडे क्षमा मागितलेली नाही, कारण मागितली तर ती खोटी ठरेल.

४. मोठा हातोडा. त्याच्याबद्दल लिहायचे तर सगळेच लिहावे लागेल.

आमच्या गावात टेलिव्हिजनवाले आले आणि त्यांनी ‘मिसेस स्नेलचे दुकान’ नावाची विनोदी मालिका काढली. एक चिकट दुकानदारीण, तिचा दबलेला नवरा आणि उधारीवर जगणारे गाव. पहिल्या वर्षी ती फार चांगली होती. प्रत्येक घरात तशी एक आत्या होती, आणि प्रत्येकाला वाटे की ती आपलीच. बाहेरची दृश्ये गावात होत, दुकानातली मँचेस्टरला प्रेक्षकांसमोर. एकदा आम्ही बस करून तिकडे बघायला गेलो. अ‍ॅनिस पहिल्या रांगेत होती.

अ‍ॅनिस विनोद संपायच्या आधी हसायची. तिला तो येताना दिसायचा. जुना पंप चालू होताना घशात हवा अडकावी तसा आवाज करून ती श्वास आत ओढायची, मग हसू चढत जायचे आणि बाकीचे लोक तिच्या मागून हसायचे. चॅपेलमध्ये यावरून तिला दोनदा समज मिळाली होती. मँचेस्टरच्या ध्वनिमुद्रकाने मात्र तिच्यासाठी चहा मागवला. त्याच हिवाळ्यात छातीत पाणी होऊन ती गेली.

तिसऱ्या वर्षी मालिका सडली. विजार सुटणे, पाद्र्याने दारू पिणे, मिस्टर स्नेलने नर्सच्या मागे धावणे. गावच्या वाचनालयातल्या टेलिव्हिजनसमोर आम्ही दर आठवड्याला बसत होतो, कारण आपली माणसे बिघडली म्हणून कोणी त्यांच्याकडे जाणे सोडत नाही. पण कोणी हसत नव्हते. पेटीतले लोक हसत होते. आणि एका संध्याकाळी, मिस्टर स्नेल कोणाच्या तरी प्रेतावर पडला तेव्हा, पेटीतून तो श्वास आला, आणि मागून ते हसू.

माझी आत्या केझाया हिने कप पुढे केला आणि दाराकडे वळून म्हणाली, “अ‍ॅनिस आली का रे? तिला भर आधी.”

कोणी चहा भरला नाही. आत्याचा हात तसाच पुढे राहिला.

पुढे शाळेच्या मास्तरांनी समजावून सांगितले की चांगले हसणे हे लोक फितीवर साठवतात आणि लागेल तिथे चिकटवतात. गावात त्याला ‘डब्यातले हसू’ नाव पडले. दर आठवड्याला माझी मेलेली बायको भिकार विनोदांना हसू लागली, आणि आवाज बंद करायला कोणी उठले तर जेबेझ त्याला आडवा येई.

मग त्यांनी त्यावर चित्रपट काढला. सगळे गाव डार्लिंग्टनच्या थिएटरात गेले. चित्रपटात दुकान नव्हते, गाव नव्हते. सगळे स्पेनच्या एका हॉटेलात जाऊन पोहण्याच्या तलावात पडत होते. टोबायसने दोन खुर्च्या उपटल्या, मॅनेजरला दाराच्या मखमली पडद्यात गुंडाळले आणि पायऱ्यांवरून सोडून दिले. मॅनेजरच्या तीन बरगड्या मोडल्या. गावाची निराशा ही अशी होती. माझी वेगळी होती. चित्रपटात पेटीतले हसू नसते, हे मला माहीत नव्हते. मी शेवटपर्यंत कान देऊन बसलो होतो, आणि ती आली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ते लोक ख्रिसमसच्या भागासाठी परत आले. जेबेझने त्यांना गाड्या लावायला ओढ्याकाठचे आपले शेत दिले. त्याने बक्कळ पैसे घेतले असे सगळे समजत होते. आत्या, टोबायस आणि मी निर्मात्याकडे गेलो आणि टोपी हातात घेऊन सांगितले की ते हसू काढा.

“बाई,” तो आत्याला म्हणाला, “असं हसणं विकत मिळत नाही. आम्ही ते आणखी तीन कार्यक्रमांना लावलंय.”

लायनेल पास्क शेजारी पाद्र्याच्या वेषात सँडविच खात होता. तो म्हणाला, “मेलेली असली तरी हसते बिचारी. तुमच्या गावातल्या जिवंतांपेक्षा बरी.”

मी त्याला मारले. दात माझ्या मुठीतच रुतून राहिले. मग टोबायसने दिव्याचा खांब आडवा केला आणि गाव तुटून पडले. चहाचा मोठा बंब दिवेवाल्यांच्या पायांवर ओतला गेला. त्यांच्या किंकाळ्यांनी मेंढ्या कुंपण फोडून गेल्या. आत्याने निर्मात्याच्या कानाखाली छत्री मोडली आणि उरलेला दांडा त्याच्या गालात खुपसला. मीच रचलेल्या गडग्याचे दगड लोकांनी उपसले आणि ते डोक्यांवर, काचांवर, कॅमेऱ्यांवर पडू लागले. त्यांनीही सोडले नाही. टोबायसचा हात त्यांनी गाडीच्या दारात धरून मोडला. ती गाडी शेवटी ओढ्यात गेली.

मी अ‍ॅनिसचे हसू फितीवर घेणाऱ्या त्या ध्वनिमुद्रकाला शोधत होतो. तो चिखलात फितीच्या डब्यांवर पालथा पडला होता. मी त्याला उताणा केला, गळ्यावर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी एक दगड उचलला. त्याचे डोळे पांढरे झाले होते.

“दादा, सोड त्याला,” जेबेझ मागून ओरडला. “मरेल तो.”

तो मरावा हाच माझा हेतू होता. मी दगड आणखी वर नेला. तेव्हा जेबेझने गडग्यावर ठेवलेला माझाच मोठा हातोडा घेतला आणि माझ्या तोंडावर घातला. डोळा फुटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला.

ध्वनिमुद्रक जगला. कोर्टाने आम्हा सगळ्यांना दंड केला. त्यानंतर मी जेबेझशी बोललो नाही. प्रार्थनेत मी रोज त्याच्या नावापर्यंत येई आणि तिथून पुढच्या नावाकडे जाई.

रिचमंडच्या वकिलाने एक गोष्ट सांगितली आहे. अ‍ॅनिसने हसणे वापरू देण्याची सही कधीच केली नव्हती. नवरा म्हणून मी, आणि माझ्यामागे माझा वारस, मागणी करू शकतो की त्या फिती पुसून टाकाव्यात. कंपनी त्याला कबूल आहे. मारामारीनंतर तिला स्केलबेकचे नाव नको आहे. बुधवारपूर्वी सही करून ते संपवून टाकायचे, असे मी ठरवले होते.

आज दुपारी जेबेझ दारात उभा राहिला.

“आत्या म्हणाली, डोकं उघडणार आहेत तुझं,” तो म्हणाला.

“हो.”

“आत काही सापडलं तर कळवायला सांग.”

मी त्याला आत घेतले. त्याने टोपी काढली नाही. मी विचारले, “शेत कितीला दिलं होतंस त्यांना?”

“फुकट.”

“फुकट?”

“मालिका बंद करणार होते रे. कोणी बघेना. जागा फुकट मिळाली तर ख्रिसमसचा एक भाग करू म्हणाले.”

“तुला आवडायची ती?”

“शी. पहिल्या वर्षानंतर एकदाही हसलो नाही मी.” मग तो टेबलाकडे बघत बोलला. “आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वहिनीने मला या टेबलावर जेवायला घातलं. तुझ्याकडे तिचा पलंग आहे, फोटो आहे, तिच्या शेजारची जागा आहे. माझ्याकडे आठवड्यातून अर्धा तास होता.”

मी उठलो. मग शेगडीत कोळसा घातला आणि हे लिहायला बसलो.

५. म्हणून बेक एंड हे घर, परसदार, टेबल आणि मोठा हातोडा मी माझा भाऊ जेबेझ थ्वेट याला देतो. डोळ्याची मी त्याला माफी दिलेली नाही. ते बुधवारनंतर हातात काही वेळ उरला तर बघू. पण त्याने हातोडा घातला नसता तर हे मी तुरुंगात बसून लिहिले असते.

६. अ‍ॅनिसच्या हसण्यावर माझा जो काही हक्क आहे, फिती पुसायला लावण्याच्या हक्कासकट, तोही मी जेबेझलाच देतो. तो ते पुसणार नाही हे मला ठाऊक आहे. ते ठाऊक असूनच देतो.

यावर दोन साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या करायच्या आहेत. पाद्रीसाहेब आले आहेत. आत्याही आली आहे, पण तिला चष्मा सापडत नाही आणि ती माझ्या फळ्या धुंडाळते आहे. जेबेझने कंटाळून टेबलावरची दुसरी लेखणी उचलली.

“द्या इकडे तो कागद, मी करतो सही. मला यातून काही मिळायचं नाहीच.”

“ठेव ती खाली,” मी म्हणालो.

“का? माझं अक्षर चालत नाही?”

“ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. कायदा आहे तसा.”

तो लेखणी धरून उभा राहिला. शाई त्याच्या बोटांवर उतरली. शेवटी पाद्रीसाहेबांनी ती त्याच्या हातातून सोडवून घेतली आणि आत्याला दिली.

सही: ईनॉक थ्वेट

साक्षीदार: ओबेड रेव्हली, पाद्री, स्केलबेक चॅपेल
साक्षीदार: केझाया थ्वेट, अविवाहित (चष्मा न लावता)

मुक्काम स्केलबेक, सोमवार, २० नोव्हेंबर १९७८