हणमंतरावांचे बूट उंबऱ्यावर ठेवावेत

मी, कस्तुराबाई भ्रतार हणमंतराव बिरादार, वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार विष्णुपुरी, जिल्हा नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, अंगणात खुर्ची टाकून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, शरीराचे मात्र खरे नाही. दारू नवरा प्यायला आणि लिव्हर माझे गेले, असे मी लातूरच्या डॉक्टरांना म्हणाले तेव्हा हसावे की नाही ते त्यांना कळेना. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. वकीलसाहेबांनी मसुदा दिला होता, पण त्यात आमच्या घरातले कोणी ओळखू येईना, म्हणून मीच लिहिते.

१. घर. विष्णुपुरीचे राहते घर माझ्या कमाईचे व माझ्या नावावर आहे. ते पती हणमंतराव यांनी हयातीपर्यंत वापरावे. त्यांच्यानंतर मुलगा बालाजी व मुलगी उज्वला यांना निम्मे-निम्मे. रस्त्याकडची खोली, जिथे माझे दुकान होते, ती मात्र भाड्याने देऊ नये. तिथे पहाटे पळणारी माणसे जमतात. सगळी फौजेतून परतलेली. कुणाला झोप नाही, कुणाची बाटली सुटत नाही, कुणी बायकोशी बोलत नाही. बालाजी, त्या खोलीत मेडिकल चांगले चालेल असे तुझे म्हणणे आहे. चालेलही. पण ही माणसे येतात तोवर तिथे दुसरे काही चालवायचे नाही.

२. शेत. औशाजवळचे, माझ्या वडिलांनी मला दिलेले दोन एकर बालाजीला. अट एकच. वडील अर्ध्या चड्डीत पळतात याची पुन्हा लाज वाटून घ्यायची नाही. औशाच्या बाजारात कोणीतरी ओरडले होते, "हणमंता, कोण लागलंय रं मागं?" तू मान खाली घातलीस. तुझे वडील न थांबता म्हणाले, "लई दिवस लागलं होतं. आता मागं पडून राहिलंय." मी तिथे मिरच्या घेत होते. पिशवी हातातच राहिली.

३. हे पळणे काय आहे ते माझ्या माघारी कोणी सांगणार नाही, म्हणून इथेच लिहिते. हणमंतराव बर्फातल्या चौकीवर होते. वरून बर्फाचा कडा सुटला आणि सोबतचा जवान खाली गाडला गेला. यांनी फावड्याने उकरले, मग नुसत्या हातांनी. नोकरी संपवून घरी आले ते मुके होऊनच. शेजारच्या बांधकामावर फावडे खरवडले की भिंतीला चिकटून बसायचे, आणि संध्याकाळी बाटली. मी नवस केले, भांडले, व्यसनमुक्तीच्या केंद्रात ठेवले. मग एक दिवस यांच्याच पलटणीतला, मूळ देगलूरचा पण आता विष्णुपुरीतच राहणारा वीरेश फाटकाशी येऊन उभा राहिला. उपदेश नाही, काही नाही. "चला नाना, धरणापर्यंत." हे पहिल्याच पुलावर ओकले. दुसऱ्या दिवशी वीरेश पुन्हा फाटकाशी. मी विचारले, पळून काय होणार आहे? तो म्हणाला, "वैनी, आमाला बसवून ठिवलं की डोसकं पळतंय. पाय पळवले की डोसकं जरा बसतंय. डॉक्टरच्या गोळ्या बी घ्यायच्या, आन् हे बी करायचं. आपल्याला येवढंच म्हाईत हाय."

मला पटले नव्हते. मग एकदा ते लातूरहून औशाला पळत निघाले आणि मी वीरेशच्या जीपमधून मागून गेले. वाटेत रस्त्याचे काम होते, खडीवर फावडी चालली होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर हे त्या आवाजामधून जात होते. हळू, पण पळत. पुढे एका चिंचेखाली बसले आणि म्हणाले, "कस्तुरा, त्याचं नाव सिद्राम होतं. हात गरम होता गं त्याचा." इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा ऐकले. आम्ही दोघे रडलो. मग हे उठले आणि औशापर्यंत पळाले. माणसाच्या अंगात हे कुठून येते, मला आजही कळलेले नाही. रोज गच्चीवर उभी राहून मी त्यांना धरणाच्या रस्त्याने येताना पाहते आणि रोज माझ्या अंगावर काटा येतो.

४. दागिने व मशीन. पाटल्या उज्वलेला, बोरमाळ सून मंजुषाला. शिवणयंत्रही मंजुषाला. ते दोऱ्यावर रुसते, तेल द्यावे, रागावू नये.

५. दीर व्यंकट. भाऊजी, सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही सगळ्यांनी यांना सुतकाचे दहा दिवस घोंगडीवर बसवून ठेवले. थोरला मुलगा, पायात काही घालायचे नाही, उंबरा ओलांडायचा नाही. वीरेश फाटकावरून परत गेला. बसून बसून माणूस पुन्हा त्या बर्फात जाऊन पोचला. आणि तुम्ही यांच्याच फौजी कॅन्टीनच्या कार्डावरची बाटली घेऊन आलात. "दादा, घे रं, हलकं वाटंल." मायेनेच आणलीत, मला ठाऊक आहे. पण तेराव्याला माझा नवरा मला ओळखू येईना. त्याला परत फाटकाबाहेर काढण्यात वर्ष गेले. हे मी माफ केलेले नाही. तरी माझा मोठा थर्मास तुम्हाला देते. रिकाम्या हाताने येणे तुमच्या स्वभावात नाही, तेव्हा माझ्या सुतकात रोज तो चहाने भरून आणावा. कॅन्टीनचे कार्ड उज्वलेकडे राहील. त्यावर साबण आणि तेल घ्यावे.

६. आता मुख्य कलम. माझ्या विधीला बालाजीने बसावे. मला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या पहाटे वीरेश फाटकाशी येईल. हणमंतरावांचे बूट उंबऱ्यावर ठेवावेत. नवा जोड उज्वलेने आणून लोखंडी पेटीत, माझ्या हिरव्या लुगड्याखाली ठेवला आहे. बाकी रीत सगळी पाळा. पण त्यांना जो अडवील, त्याचा या मृत्युपत्रातला हिस्सा रद्द होऊन उज्वलेला जाईल. अंमलबजावणीही तिनेच करावी.

अहो, परवा तुम्ही विचारलेत, "तू नसल्यावर परत कुणाकडं येऊ पळून?" मी चहा ओतायला उठले. भीती मला मरणाची नाही, त्या घोंगडीची आहे.

७. दहाव्याला गोदावरीच्या काठी पिंड ठेवाल. कावळा शिवला नाही तर बायका म्हणतील, हिचा जीव दागिन्यांत अडकला, हिला नातवाचे तोंड पाहायचे होते. कशाचाही शब्द देऊ नका. आधी घरी माणूस पाठवून उंबरा बघा. बूट तिथेच कोरेच्या कोरे असतील तर हणमंतरावांच्या पायात घाला आणि त्यांना धरणाकडे सोडा. मग सगळ्यांनी गप्प बसून वाट पाहावी. ते वळणावरून पळत येताना मला दिसले, की मी पिंडाला शिवेन.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: कस्तुराबाई भ्र. हणमंतराव बिरादार

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली:
१. नागम्मा, शेजारीण, राहणार विष्णुपुरी
२. वीरेश, माजी सैनिक, मूळ गाव देगलूर, राहणार विष्णुपुरी. मी फाटकाशी येईन.

विष्णुपुरी, नांदेड. दिनांक ११ फेब्रुवारी २०२५