सात आयर्न, आणि जो कप माझा नाही

मी खाली सही करणार, वय बहात्तर, छत्तीस वर्षे कारखान्यात डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवीत आहे. बायको मागे उभी राहून शुद्धलेखन सुधारते आहे; त्याला दडपण म्हणत नाहीत, असे वकीलबाईंनी सांगितले आहे. प्रकृती ठणठणीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

कलम १. घराचा खालचा मजला, बँकेतली ठेव व घरातले सर्व सामान बायकोला. यात कोणी नाक खुपसू नये. वरचा मजला माझ्या धाकट्या भावाचा आहे व राहील. जिना सामाईक आहे. त्या जिन्यावर आम्ही दोघे भाऊ नऊ वर्षे अंग चोरून एकमेकांना वाट देतो, पण बोलत नाही. का, ते पुढे येईल.

कलम २. छोटे लेथ, मायक्रोमीटर व कानशींचा डबा माझ्या जुन्या फोरमनला. माझा मापाचा व्हर्नियर त्याने एका दिवसासाठी म्हणून नेला, त्याला वीस वर्षे झाली. तोही त्यालाच. आता निदान उजळ माथ्याने वापर म्हणावे.

कलम ३. गेल्या वर्षी घेतलेले गोल्फचे नवे आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, चार नंबरपासून शेवटच्या वेजपर्यंत एकूण सात, माझ्या मुलीला. हे फोर्ज्ड आहेत, म्हणजे ठोकून घडवलेले, साच्यात ओतलेले नव्हेत. दुकानदार मला म्हणाला होता, "काका, या वयात जरा सोपे घ्या. फटका चुकला तरी चेंडू जातो."

"चुकला तर मला कळायला नको?" मी म्हटले. हेच घेतले. बायको म्हणाली, "अहो, गुडघे जुने आणि काठ्या नव्या!" म्हणू दे. पहिला फटका बरोबर मध्यावर बसला तेव्हा हाताला काही लागलेच नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखे. मी मैदानावर एकटाच मोठ्याने हसलो.

मुलीला सूचना: तू माझ्यापेक्षा उंच आहेस. तुझ्या उंचीप्रमाणे दुकानातून प्रत्येक आयर्नचा कोन वाकवून घे. ओतीव असते तर तुटले असते, हे पोलाद मऊ आहे, ऐकते. दुकानदाराने माझ्या सात नंबरच्या आयर्नचा कोन अर्ध्या अंशाने चुकवला होता. मी कोनमापक घेऊन गेलो व पुन्हा करायला लावला. तूही मोजून घे. स्वतः वाइसच्या पकडीत धरून हातोडा मारू नकोस. माझीच मुलगी आहेस, म्हणून आधीच सांगतो. आणि हे सर्व माझे खेळून झाल्यावर. घाई नाही.

कलम ४. आता भांडण. नऊ वर्षांपूर्वी क्लबच्या अंतिम सामन्यात मी व धाकटा समोरासमोर होतो. अकराव्या होलच्या उतारावर त्याने चेंडूमागे आयर्न टेकवला आणि मला चेंडू हललेला दिसला. मी ओरडलो, "हलला!"

"दादा, नाही हलला."

"मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो मला. मला शिकवतोस?"

फटक्याआधी चेंडू हलवला म्हणून त्याला एका फटक्याचा दंड झाला. मी एकाच फटक्याने जिंकलो. त्या संध्याकाळी त्याने मला सर्वांसमोर विचारले, "कपासाठी भावाला खोटं पाडलंस ना?" मी कप उचलून घरी निघालो. तिथपासून अबोला.

गेल्या महिन्यात त्याच उतारावर मी नवा सातवा आयर्न चेंडूमागे टेकवला. जुन्या आयर्नची वरची कड जाड होती, याची पातळ आहे, त्यामुळे वरून पाहताना चेंडू पूर्ण दिसतो. चेंडू डुगडुगला, पुढे कलला आणि परत आपल्या जागी येऊन बसला. मी गुडघे दुखत असताना वाकून चार वेळा तेच करून पाहिले. चारही वेळा परत आला. जागेवर परत आलेला चेंडू नियमाप्रमाणे हललेला धरत नाहीत. दंड नाही, म्हणजे सामना बरोबरीचा. हा नियम मला तीस वर्षे पाठ आहे. त्या दिवशी मी त्याचे डुगडुगणे अर्धेच पाहिले आणि तोंड उघडले.

मी चुकलो. हे वाक्य बायकोने दोनदा वाचले आहे.

कलम ५. कप कोणालाही देत नाही, कारण जी वस्तू माझी नाही ती मला देता येत नाही. आज सकाळी घासूनपुसून तो जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवला आहे. हा कागद लिहून झाला की तोही त्यातच ठेवीन.

धाकट्याला या मृत्युपत्रात काहीही ठेवलेले नाही. त्याने राग मानू नये. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात, आणि मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. नऊ वर्षांपूर्वी ज्याची साक्ष मी मानली नाही, त्याचीच साक्ष मला या कागदावर पाहिजे. तो आला नाही, तर हा कागद अर्धवट पडून राहील. दुसरा साक्षीदार मी शोधणार नाही. माझी त्याच्याशिवाय फार आबाळ झाली आहे, हेही लिहून ठेवतो.

ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: मार्चचा दुसरा शनिवार, सकाळी अकरा.

लिहून ठेवणार: थोरला (सही)

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या दंतवैद्यबाई (सही). गोल्फमधले ओ की ठो कळत नाही, म्हणून निःपक्षपाती.

साक्षीदार दुसरा: धाकटा (सही). खाली त्याच्याच अक्षरात:

"दादा, वाचलं. खरं सांगू? तेव्हा मी चेंडूकडे पाहतच नव्हतो, झेंड्याकडे पाहत होतो. तू ओरडलास म्हणून चिडून 'नाही' म्हणालो. कप मधल्या पायरीवर आणून ठेवलाय, तिथंच राहू दे. उद्या सकाळी साडेसहाला खाली येतो. सातवा आयर्न आधी मी मारणार."