आत्याच्या पोटातल्या माझ्या गोळ्या

५ मार्च, सोमवार
आजपासून रक्तातली साखर माझ्या मुठीत. दवाखान्यातली नर्स लोसालिने म्हणाली, गोळी ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे ठरते. मला रोज एक, न्याहारीआधी. अळूचे कंद कमी. रविवारी चर्चनंतर एकच ताट. सोपं आहे.

६ मार्च
लुसेआने आत्या आली. साखर तिलाही आहे, पण तिला अर्धीच गोळी देतात. माझी अख्खी बघून वाईट वाटलं तिला. गोळ्यांचं पाकीटच घेऊन गेली. आमच्या वावाउ बेटावर आत्यानं मागितलं की भाच्यानं द्यायचं, यात चर्चा नसते. तसा मी मुळात दणकट. साखर चालून उतरवीन.

९ एप्रिल
उतरली नाही. चाललो दोनदा. एकदा बेकरीपर्यंत. नर्सनं गोळ्यांचं विचारलं, संपल्या म्हणालो. संपल्याच होत्या. तिनं रोज दोन केल्या. आत्या संध्याकाळीच आली.

१४ मे
साखर अजून वर. आता रोज चार. एवढं औषध लागू कसं पडत नाही म्हणून नर्स बुचकळ्यात. माझी केस अवघड दिसते. थोडा अभिमान वाटला. बायको म्हणाली, आत्यानं गिळलेली गोळी तुमच्या अंगी कशी लागेल? तिला शास्त्रातलं कळत नाही.
चारही आत्याला दिल्या. अंगानं चिपाड, जेवणार चिमणीएवढं, पण दरारा केवढा. तिला जास्तच लागणार.

२० मे, रविवार
चर्चमध्ये गाणं चालू असताना आत्या घामाघूम झाली, हात थरथरले, खाली कोसळली. मी सगळ्यांना उकाडा म्हणून सांगितलं. मग तिनं मला ओळखलंच नाही. फार घाबरलो. लोसालिने मागच्याच बाकावर होती म्हणून बरं. साखर फारच खाली गेलीय म्हणत तिनं साखरपाणी पाजलं, दवाखान्यात नेलं.

२१ मे
आत्या वाचली. तिच्या पिशवीत पाकीट निघालं, वर माझं नाव.
लोसालिने म्हणाली, "औषध तुमच्या मापाचं होतं, फिनाउकाका. पोट हिचं."
आत्याला नाही कसं म्हणणार, असं मी विचारलं.
"मग मरू द्यायचं होतं का?"
घरी येऊन रडलो.

२८ मे
नवा निश्चय: आत्याला तोंडावर "नाही" म्हणायचं. मला पुन्हा एका गोळीवर आणलंय. रोज दवाखान्यात जाऊन नर्ससमोर गिळायची, जीभ दाखवायची. आज आत्या दवाखान्याच्या दारातच बसली होती. तिनं हात पुढे केला.
"नाही."
आवाज खणखणीत होता. लोसालिनेचा. मी तिच्या मागे उभा होतो.