पूल परस्पर उघडला, त्याची हकिकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान लववली आहे, बाकीचं कागदोपत्री समजावं. आमच्या कचेरीत सगळेच नमस्कार असे चालतात.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा रक्तदाब बातम्या ऐकणं बंद केल्यावर उतरला, की बातम्या नाहीत म्हणून आणखी चढला? इकडे सर्व ठीक. पोरं अभ्यासाच्या नावाने उंडारताहेत, तुझ्या भावजयीने सोमवारपासून माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि आईची प्रकृती समाधानकारक आहे. रोज सकाळी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न एकच, पूल उघडला का. चौदा महिने आम्ही "उघडेल हं" म्हणत होतो. आता "उघडला" म्हणतो तर तिचा विश्वास बसत नाही, कारण उघडला असता तर तू आली असतीस.

तुझं पत्र आमच्या कचेरीच्या ड्रायव्हरने काल आणून दिलं. तू लिहितेस, पुलावरून माणसं ये-जा करताहेत असं शेजारीण म्हणते, ते खरं का, आणि खरं असेल तर अधिकृत आहे का. भाऊजींचं म्हणणं, जन्म सरकारी शाळेत हेडमास्तरकी करण्यात गेला, आता उतारवयात अधिकृत घोषणेशिवाय पुलावर पाय ठेवायचा नाही. तुमच्या दारापासून आमच्या दारापर्यंत चालत पाऊण तास, आणि त्यातही मध्ये पानवाला भेटला तर. पण तू घोषणेची वाट बघत बसली आहेस. ताई, पूल उघडा आहे. अधिकृत आहे की नाही यावर सात देश भांडताहेत. आणि तो उघडला कसा, याचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटलंय तो तुझा सख्खा भाऊ आहे. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

मी जिथे नोकरी करतो ती संघटना नेमकं काय करते, हे भाऊजी मला प्रत्येक भेटीत विचारतात आणि मी प्रत्येक वेळी आणखी चहा मागतो. आज सांगून टाकतो. सात शेजारी देशांनी मिळून ती काढली, एकमेकांची सुरक्षा राखायला आणि एकमेकांना सहकार्य करायला. सचिवालय आपल्या या आडगावी आहे, कारण सातही देशांना हे गाव सारखंच गैरसोयीचं पडतं (समतेचं तत्त्व आम्ही एवढ्यापुरतं तरी पाळलं). मी इतिवृत्त लिहितो. म्हणजे बैठकीत कोण काय बोललं ते नव्हे, कोण काय बोललं असतं तर बरं दिसलं असतं ते. एक प्रतिनिधी दुसऱ्याला म्हणाला, "तुमची लायकी काय?" की मी लिहितो, "सदस्यांनी एकमेकांच्या क्षमतांविषयी मनमोकळी चर्चा केली." 'नोंद घेतली' याचा अर्थ कोणी ऐकलं नाही. 'चिंता व्यक्त केली' म्हणजे ऐकलं, पण तेवढ्यात चहा आला. 'तीव्र चिंता' म्हणजे जेवायला उशीर होतोय. त्याच्या पलीकडची पायरी मी पंधरा वर्षांत पाहिलेली नाही.

आमच्याकडे सगळं सर्वसंमतीने चालतं, म्हणजे बहुतेक चालत नाही. सभागृहात एक पंखा आहे. त्याचं बटण एका देशाच्या खुर्चीमागे येतं, हा त्या देशाला मिळणारा अवाजवी लाभ आहे अशी बाकीच्या सहांची हरकत आली. तीन बैठकांनंतर बटण काढून टाकलं. आता पंखा सकाळी कचेरी उघडली की सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत एकाच वेगाने गरगरतो, आणि सात देशांची सात माणसं दोन्ही हातांनी आपापले कागद दाबून शांततेवर बोलतात. सहकार्य अगदीच होत नाही असं मात्र म्हणू नकोस. आपले फोन दोन्ही देश मिळून ऐकतात, ते कसं सुरळीत चाललंय! मागच्या वेळी तू गुडघ्यांचं सांगत होतीस तेव्हा मध्येच कोणीतरी खाकरलं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला दटावलं. म्हणून तर आपण पत्रं लिहितो.

आता पूल. तो बंद का झाला, हेसुद्धा लोक विसरले. चौदा महिन्यांपूर्वी आपल्या आणि तुमच्या देशाची पुलावर संयुक्त सुरक्षा कवायत ठरली होती. दोन्ही तुकड्या वेळेवर आल्या, पुलाच्या मध्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि आधी सलाम कोणी ठोकायचा यावर गाडी अडली. दुपारी उन्हाने दोघांनाही घेरी आली तेव्हा दोघेही मागे फिरले आणि आपापल्या बाजूचा आडवा दांडा खाली टाकून बसले. पूल सुरक्षित ठेवायचा खात्रीचा उपाय म्हणजे त्यावरून कोणाला जाऊ न देणं, असा अहवाल आमच्या सुरक्षा समितीने दिला. (अहवालाचं मुखपृष्ठ फार सुंदर होतं. त्यावर पुलाचं चित्र होतं आणि पुलावर माणसं होती.) तेव्हापासून पलीकडे जायचं तर तिसऱ्या देशातून वळसा घालून दोन दिवस, आणि त्या देशाचा परवाना देणारी समिती वर्षातून एकदा बसते.

गेल्या महिन्यात पुलाचा विषय एकदाचा बैठकीत आला. उघडायला सगळ्यांचीच संमती होती. आपले प्रतिनिधी म्हणाले, आधी त्यांनी उघडावा. तुमचे म्हणाले, पहिले आप. कोणीतरी सुचवलं, दोघांनी एकाच वेळी उघडावा. त्यावर दीड दिवस गेला, कारण आपल्या आणि तुमच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक आहे, तेव्हा एकाच वेळी म्हणजे कोणाच्या? तिसऱ्या दिवशी दुपारी महासचिवांनी केविलवाण्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आमचं ब्रीदवाक्य आहे, 'परस्पर सुरक्षा, परस्पर सहकार्य'. मी चिठ्ठीवर एक वाक्य लिहून पुढे सरकवलं: "उभय सदस्यांनी पूल परस्पर खुला करावा." व्याकरणाच्या मास्तरांनी छडी उगारली असती, पण सभागृहात मास्तर नव्हते. शब्द ब्रीदवाक्यातलाच, घरचाच, कोणाला न टोचणारा. सातही माना डोलल्या. सह्या झाल्या, फोटो झाला, मंडळी घरोघर गेली, आणि वाक्याची एकेक प्रत पुलाच्या दोन्ही टोकांना रवाना झाली.

आपल्या टोकाला हवालदार असतो तो तुला आठवत असेल, भुवया जुळलेला. त्याची एकोणतीस वर्षं नोकरी झाली. त्याने प्रत तीनदा वाचली. आता ताई, 'परस्पर' या शब्दाचा अर्थ महासचिवांच्या खोलीत एक आणि आपल्यासारख्यांच्या घरात दुसरा. पोरीने परस्पर लग्न ठरवलं, भावाने परस्पर सायकल देऊन टाकली, जावयाने परस्पर गाव सोडलं. म्हणजे कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही, केलं आणि मोकळा झाला. एकोणतीस वर्षांत हवालदाराला पहिल्यांदाच असा हुकूम आला होता की वर विचारत बसू नकोस. तो सांगतो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दांड्यावरून पलीकडच्या हवालदाराला हाक मारली. (या दोघांची चौदा महिने एकच तंबाखूची डबी आहे. संघटनेने साधलेलं मला माहीत असलेलं सहकार्य ते एवढंच, आणि तेही आम्हाला न कळवता.) पलीकडेही तोच कागद आलेला. दोघांनी गेल्या गुरुवारी सकाळी दांडे उचलले, आणि घड्याळांकडे कोणीच पाहिलं नाही.

आम्हाला कळलं सोमवारी. आणि कसं कळलं? तुमच्या देशाचे प्रतिनिधी दोन दिवसांचा वळसा घालून सुजल्या पायांनी यायचे, ते त्या दिवशी न्याहारी करून सव्वा तासात ताजेतवाने हजर झाले. महासचिवांनी विचारलं, "आज लवकर?" तर म्हणाले, "पुलावरून चालत आलो. हवा छान होती." एवढं बोलून त्यांनी पाणी प्यायलं, कागद दाबून धरले, आणि पूल एकतर्फी उघडल्याबद्दल आमच्या देशाचा चाळीस मिनिटं निषेध केला. महासचिवांनी तिथूनच पुलावर फोन लावून हवालदाराला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, कागदात साफ लिहिलंय, परस्पर उघडा. आता परस्पर म्हणजे काय हे तुम्हाला विचारलं असतं, तर ते परस्पर कसं झालं असतं?" फोन मोठ्या आवाजावर होता. सातही देशांनी ऐकलं, आणि सातही जणांनी आपापले कागद आणखी घट्ट दाबून धरले. हेही सर्वसंमतीने.

मग सुरक्षा समितीचा तातडीचा अहवाल आला. पाच दिवसांत दोन हजारांवर माणसं गेली-आली, नातवंडं बघून झाली, आणि एक म्हैस कागदपत्रांशिवाय पलीकडे जाऊन स्वतःच परत आली. मारामारी नाही, चोरी नाही, घुसखोरी नाही. अनुचित घटना शून्य. हे ऐकून समितीचे चेहरे असे पडले की जणू घरात कोणी गेलंय! आपल्यावाचून सुरक्षा होते हे एकदा लोकांना कळलं, तर आपण करायचं काय? शब्दकोश मागवला. त्यात मेल्याने दोन्ही अर्थ दिलेले. तेव्हा आपले आणि तुमचे प्रतिनिधी एकमेकांजवळ गेले, कानात कुजबुजले आणि संघटनेच्या इतिहासात पहिल्यांदाच एका सुरात बोलले: चूक लेखनिकाची आहे. परस्पर सहकार्याचा खराखुरा नमुना म्हणजे मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस. तुझ्या भावजयीने ती वाचली आणि तेव्हापासून ती मौनात आहे. हवालदार मात्र ऐकायला तयार नाही. तो म्हणतो, "कागदाने उघडलाय, कागदानेच बंद होईल. फोनबिन मी मानत नाही." म्हणून एक शुद्धिपत्र काढायचं ठरलं: "परस्पर याऐवजी परस्परांच्या लेखी पूर्वसंमतीनंतर असे वाचावे." तेही टाइप करणार कोण, तर मीच. चोरालाच कुलूप दुरुस्त करायला बसवलं म्हण.

तर ताई, अधिकृत का, याचं उत्तर असं: कागद आहे, सात सह्या आहेत, अर्थाचं तेवढं ठरायचं आहे. भाऊजींना नमस्कार सांग. शेजारणीला माझ्यातर्फे शाबासकी दे, सातही देशांपेक्षा तिची बातमी पक्की निघाली. पोरींना भरपूर आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा (सध्या आरोपी)

ता.क. भाऊजींचा चष्मा चौदा महिने आमच्या कपाटात आहे. ते म्हणत होते पुलावर हरवला.

ता.क. दुसरा. नोटिशीला उत्तर दिलं. अनवधानाने चूक झाली, क्षमस्व, असं लिहिलं. तुला म्हणून सांगतो, अनवधान वगैरे काही नव्हतं. पंधरा वर्षं हुकूम लिहितोय, कुठला शब्द कुठल्या हवालदाराला कसा कळेल हे मला नाही कळणार तर कोणाला? आई सकाळी डोळे उघडून जे विचारते, त्याला रोज खोटं उत्तर द्यायचा मला कंटाळा आला होता. नोकरी गेली तर जाऊ दे.

ता.क. तिसरा. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, हात धजला नाही. आईबद्दल वर जे लिहिलंय ते इतिवृत्त आहे. शनिवारपासून तिने अन्न घेतलेलं नाही. डॉक्टर काल म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. दाराशी कोणाचंही पाऊल वाजलं की मान उचलायला बघते. आणि शुद्धिपत्रावर सातही सह्या काल एका दुपारात झाल्या, पंधरा वर्षांत कशाला एवढी घाई झाली नव्हती. आज चारच्या डाकेने ते पुलावर जायचं आहे. मी ते उद्यापर्यंत हरवू शकेन, त्यापुढे नाही. ज्याने हे पत्र आणलं तो ड्रायव्हर तुझ्या दाराशी गाडी सुरू ठेवून उभा आहे. भाऊजींना विचारू नकोस, त्यांची समजूत मी मागाहून घालीन. सामान घेऊ नकोस. चपला घाल आणि गाडीत बस.