वेंगुर्ला महोत्सव समिती, फणसवाडी

१२ नोव्हेंबर, मंगळवार
बाणगंगेवर सरोजिनीचा दहावा. कावळा शिवेना. तासभर कठड्यावर बसून पिंडाकडे नुसता बघत होता. नूपुर मोठ्याने म्हणाली, आई, बाबांना मी सांभाळीन गं. नाही. माझा मेहुणा हितेंद्र वेंगुर्ल्याहून आलाय. तो म्हणाला, ताई, घराची काळजी करू नको. नाही. गुरुजींना अकराला दुसरीकडे जायचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला चारचौघांत बोलता येत नाही. मनात म्हणालो, सरोजिनी, तुझ्या वेंगुर्ल्याला...
तेवढ्यात कावळा शिवला.
पुढे ‘मोठा महोत्सव आणीन’ असं म्हणायचं होतं. ते तिला कळलं असणार. कोणाला सांगितलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
महोत्सवच का, ते लिहून ठेवतो. नंतर गोंधळ नको. लग्नाला एकतीस वर्षं झाली. दर मार्चमध्ये ही म्हणायची, मेमध्ये आठ दिवस वेंगुर्ल्याला जाऊ या. मी म्हणायचो, जाऊ गं, पण तिथे आहे काय? एक कार्यक्रम होत नाही. मग गप्प व्हायची. शेवटची काही वर्षं तर तिने विषयच काढला नाही. म्हणजे गावात काही होत नाही ही गोष्ट तिला फार लागली होती. ती दूर करायची.
वेंगुर्ला गाव नाही, शहर आहे, नगरपरिषद आहे, असं ती प्रत्येकाला सांगायची. तेव्हा शहराला शोभेल असंच. संगीत महोत्सव. तीन दिवस. मे महिना.

१८ नोव्हेंबर, सोमवार
समिती स्थापन केली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार मीच. विमा कंपनीच्या टपाल विभागात चौतीस वर्षं काढली, पत्रव्यवहाराची भीती नाही. लेटरहेड छापायला टाकलं.
संकल्प: दर सोमवारी सभा. रोज दोन पत्रं. चहा एकच कप करायचा, दोन करायची सवय मोडायची.

२५ नोव्हेंबर
सभा. उपस्थिती एक. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं.
चहा दोन कप झाला.

९ डिसेंबर
दादरला एका मोठ्या गायकाच्या सेक्रेटरीला भेटलो. नाव आत्ताच लिहीत नाही, पेपरात फुटायला नको. सेक्रेटरी सज्जन आहे. म्हणाला, काका, पब्लिक किती येईल? मी म्हणालो, पाच हजार. म्हणाला, साहेबांच्या कानावर घालतो, बघू. म्हणजे जवळजवळ होच.
संध्याकाळी हितेंद्रला फोन करून बेत सांगितला. तो मग म्हणाला, भावोजी, पाच हजार? इतक्या लोकांका बसवतलास खंय? आधी येवन जागा तरी बघा. आणि शेवंतीमावशी रोज विचारता, सरू कधी येतली म्हणून.
मावशी म्हणजे हिची मावशी. नव्वदीची आहे, विसरते. तिला कोणी अजून सांगितलेलं नाही.
जागा बघायला जायची गरज वाटत नाही. सगळं इथून होण्यासारखं आहे.

१२ जानेवारी, रविवार
नूपुर परळहून आली. टेबलावर लेटरहेडचा गठ्ठा बघून विचारलं, हे काय? सांगावं लागलं. कावळ्याचंही सांगितलं. तिने विचारलं, नक्की कुठपर्यंत बोलला होतात? मी सांगितलं, ‘तुझ्या वेंगुर्ल्याला’ इथपर्यंत.  मग म्हणाली, बाबा, आईला महोत्सव नको होता हो. तिला अंगणात बसायचं होतं. समिती बरखास्त करा आणि तिकीट काढा.
नूपुर भावनाप्रधान आहे. नियोजन हा तिचा विषय नाही. आईवर गेली आहे.

१० फेब्रुवारी
पत्रं गेली: एक्केचाळीस. उत्तरं: दोन. एक माझंच पत्र, पत्ता सापडला नाही म्हणून परत आलेलं. दुसऱ्या पाकिटात एका इव्हेंटवाल्या कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर बरं आहे, भिंतीला लावलं. मे महिन्यावर समुद्राचं चित्र आहे. शुभशकुन.

१० मार्च
समितीने एकमताने ठरवलं की महोत्सव एक दिवसाचा असावा. तीन दिवसांत श्रोते दमतात.

२४ मार्च
सेक्रेटरीला फोन केला. आठव्या वेळी उचलला. साहेब मेमध्ये अमेरिकेत आहेत. म्हणजे जूनमध्ये मोकळे असतील. जूनमध्ये कोकणात पाऊस असतो हे मान्य, पण मांडव घालता येतो. त्याला तसं सुचवलं. म्हणाला, काका, प्लीज. आणि फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.
मार्च संपत आला. या दिवसांत ही कॅलेंडर उलटून मे बघत असायची. मी पेपर वाचत असायचो.

७ एप्रिल
हितेंद्रचा फोन. म्हणाला, भावोजी, आता माझा आयका. चार मे, रविवार. आमच्या अंगणात खुर्च्यो मांडतंव. शाळेतली दोन पोरां गातली, भजनी मंडळ आसा, पेटी आसा. ताईच्या नावान. तुमी फक्त येवा. दुसरा कायएक करू नकात.
अंगण म्हणजे महोत्सव नव्हे. पण पूर्वतयारीचा कार्यक्रम म्हणून समितीने मंजुरी दिली.

१३ एप्रिल, रविवार
नूपुरने तिकिटं काढली. तीन मेची, सकाळची गाडी, कुडाळपर्यंत. मला खिडकी. म्हणाली, या वेळी काही कारण सांगायचं नाही. मी म्हणालो, कारण कसलं? मी अध्यक्ष आहे.
संकल्प: भाषण तयार करणे. पाच मिनिटं. ‘सौ. सरोजिनी यांची इच्छा होती की’ इथपर्यंत झालं आहे.

२१ एप्रिल
सभा. भाषण पुढे सरकलं नाही.

२ मे
बॅग माळ्यावरून काढली. बॅग हिचीच. बाजूच्या कप्प्यात आलेपाकाच्या वड्या निघाल्या. घाटात गाडी लागू नये म्हणून ती ठेवायची. किती वर्षांपूर्वीच्या कोण जाणे. कागदाला चिकटून दगड झाल्या होत्या. होत्या तिथे परत ठेवल्या. बॅगही परत माळ्यावर ठेवली. पिशवीत दोन कपडे मावतात.

३ मे, शनिवार
सकाळी नूपुर टॅक्सी घेऊन खाली आली. गॅलरीतूनच सांगितलं, सेक्रेटरीचा जूनबद्दल फोन येण्याचा संभव आहे, कार्यालयात कोणीतरी हवं. ती वर आली नाही. खालूनच ओरडली, कसलं कार्यालय बाबा, कसलं? वाडीतले लोक बाहेर येऊन बघत होते. मग टॅक्सी गेली.
शांतपणे विचार करता निर्णय योग्यच आहे. अध्यक्षाने छोट्या कार्यक्रमांना जाऊ नये.
फोन आला नाही. शनिवारी सुट्टी असेल.

४ मे, रविवार
संध्याकाळी सहाला हितेंद्रने व्हिडिओ कॉल लावला. म्हणाला, बघा भावोजी, तुमचो महोत्सव. सव्वीस खुर्च्या. पंचवीस भरलेल्या, पुढची एक रिकामी. नूपुर पेटीवाल्याच्या मागे बसली होती, फोनकडे बघत नव्हती. मुली गायल्या. आवाज तुटत होता. फणसाखाली हिचा फोटो एका स्टुलावर ठेवला होता. हा फणस मी लग्नानंतर एकदाच पाहिलेला, तेव्हा कमरेएवढा होता. मी इथे वहीत उपस्थिती लिहून घेतली.
मग शेवंतीमावशीने फोन ओढून घेतला. म्हणाली, जावई, तुमी येवक नाय? मी म्हणालो, काम निघालं. बरां बरां, म्हणाली. सरूक फोन देवा.
तिकडे पेटी थांबली. मी मागे वळून खोलीकडे बघितलं.
 म्हणालो, मावशी, पुढच्या मेमध्ये येतोच आम्ही.
मावशीने फोन खाली केला. नुसतं आभाळ दिसत होतं. ती कोणाला तरी सांगताना ऐकू आली, दरवर्षी असांच सांगतत.